पितळेची पिन

जुलै संपत आला होता तेव्हा आमची डिटॅचमेंट, म्हणजे छोटी तुकडी, उरणच्या खाडीपट्ट्यातल्या एका शाळेत येऊन लागली. मी लष्कराच्या इंजिनिअर्समध्ये नायब सुभेदार होतो. काम पूरमदतीचं. हुकूम आला तर बोटी पाण्यात टाकायच्या, नाही आला तर पावसाळा संपेपर्यंत परेड, मेंटेनन्स आणि डास. आमच्याकडे दोन बोटी होत्या आणि तीन ओबीएम. ओबीएम म्हणजे आउटबोर्ड मोटर, बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवतात ते इंजिन. तिन्ही म्हातारी. तिसरं तर चालायचंच नाही, पहिल्या दोघांना पार्ट पुरवायला ते बरोबर घेऊन फिरायचो. कागदावर मात्र तिन्ही फिट होती.

आता मी रिटायर आहे. कोपरखैरण्यात, बोनकोडे गावाला लागून असलेल्या एका सोसायटीत राहतो. दर पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की सेक्रेटरी माझ्या हातात माइक देतात. "माने साहेब, काहीतरी शौर्याचं सांगा ना. पोरं बोअर होतात." लोकांना गोळीबार हवा असतो. माझ्या नोकरीत गोळीपेक्षा पेट्रोल, चिखल आणि पाणी जास्त होतं. मागच्या वर्षी मी पिनेबद्दल सांगायला सुरुवात केली. कुणीतरी समोसे आणले आणि अर्धी माणसं उठून गेली. म्हणून आता लिहून टाकतो. पुन्हा पुन्हा तोंडाने सांगायचा कंटाळा आलाय, आणि खरं सांगायचं तर त्रासही होतो.

ऐरोलीच्या खाडीवरून दोघं-तिघं अजून जुनी टू-स्ट्रोक मशीनं घेऊन माझ्याकडे येतात. पार्किंगच्या कोपऱ्यात मी पाण्याने भरलेला ड्रम ठेवलाय. त्यावर मशीन अडकवायचं आणि सुरू करायचं. धूर होतो, आवाज होतो, मग सोसायटीची नोटीस येते. ही म्हणते, "पेन्शन मिळतेय ना? मग कशाला ते ऑइलचे कपडे?" गुडघे दुखतात, कंबर धरते, तरी मशीन आलं की मी आधी पंखा काढून पिन बघतो. दहातल्या निम्म्या मशीनांत पितळेच्या पिनेऐवजी खिळा निघतो. मी विचारतो, "हे काय आहे?" मालक म्हणतो, "चालतंय ना, साहेब." हे दोन शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं.

तर ती डिटॅचमेंट. तिच्यातल्या दोघांबद्दल सांगतो.

नाईक इस्माईल मुकादम. आमचा ओबीएम मेकॅनिक आणि बोट वनचा ऑपरेटर. मोऱ्याचा पोरगा, बापाची मोरा बंदरावर मासेमारीची होडी. बुटका, खांद्याने रुंद, आणि तोंडाने अत्यंत घाणेरडा. वेळेवर नमाज पढायचा आणि मधल्या वेळात मशीनांना, मशीन बिघडवणाऱ्यांना आणि मशीन पाठवणाऱ्यांना शिव्या घालायचा. मी एकदा म्हटलं, "अरे इस्माईल, अल्ला ऐकतोय."

म्हणाला, "ऐकू दे, साब. त्याला पन ठाऊक हाय हे मशीन कसं हाय ते."

दुसरा लान्स नाईक गायकवाड. मंगळवेढ्याकडचा, कोरडवाहू मुलखातला. भरतीपूर्वी त्याने विहिरीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं. इस्माईलला तो उस्ताद म्हणायचा आणि त्याच्या मागं मागं फिरायचा. इस्माईल त्याला सगळ्यांत जास्त शिव्या द्यायचा, म्हणजे त्याच्यावर त्याचा सगळ्यांत जास्त जीव होता. ताटातला माशाचा मोठा तुकडा गायकवाडच्या ताटात जायचा. गायकवाडला आधी काटे काढता येत नव्हते, तेही त्यानेच शिकवलं.

शाळेपासून मोरा एसटीने जाण्याइतकं जवळ होतं. इस्माईलला मी म्हटलं, घरी जाऊन ये एक दिवस. म्हणाला, "पावसालं संपू दे, साब. आता गेलो आनि हिकडं कॉल आला तर ही गाढवं मशीनमधी पानी घालतील." आईने एकदा कुणाच्या तरी हातून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी पाठवली. आम्ही सगळ्यांनी खाल्ली.

रुटीन ठरलेलं होतं. बोट चालवून आली की मशीन उतरवायचं आणि गोड्या पाण्याच्या ड्रमवर चढवायचं. खाडीचं पाणी आत राहिलं तर मीठ धरतं आणि पाण्याच्या वाटा बुजतात. इंजिन चालू केलं की मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार यायला हवी. ती आली म्हणजे आतलं पाणी फिरतंय, इंजिन तापणार नाही. इस्माईल लांबून ओरडायचा, "मुततंय का?" आणि गायकवाड ओरडायचा, "मुततंय, उस्ताद!" शाळेच्या बाई बिचाऱ्या वर्ग घेत असायच्या. मग पेट्रोलची नळी काढायची आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत थांबायचं. नाहीतर पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेल खाली साचून राहतं आणि दुसऱ्या दिवशी दोरी ओढून ओढून खांदा निखळतो. शेवटी खालच्या गिअरचं ऑइल बघायचं. काळं असलं तर चालेल. दुधासारखं पांढरं झालं तर पाणी शिरलंय, मशीन उघडा.

इस्माईलचा एक कायदा होता. मशीनला ज्याने शेवटचा हात लावला, त्याने पुढच्या फेरीला त्याच बोटीत बसायचं. सुभेदार असो की शिपाई. तो म्हणायचा, आपलं बूड त्या बोटीत असलं की नट आपोआप घट्ट बसतो. हा नियम कुठल्या मॅन्युअलमध्ये नव्हता. पण आम्ही सगळे पाळायचो.

आता पिन. जुन्या मशीनचा पंखा ज्या शाफ्टवर बसतो, त्याला आरपार भोक असतं. त्यात पितळेची एक पिन असते, पेन्सिलीएवढी जाड, बोटाच्या दोन पेरांएवढी लांब. शाफ्ट फिरतो, पिन पंख्याला फिरवते. पंखा दगडाला किंवा खुंटाला आपटला की ही पिन तुटते. ती तुटण्यासाठीच असते. पंखा मोकळा होतो, इंजिन नुसतं ओरडतं, आणि आतले गिअर वाचतात. मग मशीन वर उचलायचं, पंखा काढायचा, तुटलेले तुकडे ठोकून बाहेर काढायचे, नवी पिन घालायची आणि निघायचं. पितळ मऊ म्हणून पितळ. सोसायटीतले एक इंजिनिअर मला म्हणाले, "पण तुटणारी वस्तू बसवायचीच कशाला?" मी म्हटलं, तुमच्या घरात फ्यूज असतो ना? मग त्यांना कळलं.

ऑगस्टमध्ये सलग पाऊस लागला आणि त्यातच उधाणाची भरती आली. खाडीकाठच्या शेतांना समुद्राचं पाणी येऊ नये म्हणून मातीचा बांध असतो. त्या बांधाला जागोजागी उघाडी असते, म्हणजे ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायचं लाकडी दार. एका उघाडीच्या बाजूलाच बांध फुटला. त्या फुटलेल्या जागेला तिथले लोक खांड म्हणतात. खांडीतून खाडी आत आली आणि बांधामागचा सगळा पाडा पाण्यात गेला. पाड्याचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून तिथंच राहतात.

सकाळी चहा चालू असताना वायरलेस सेटवर कॉल आला.

"पाड्यात पाणी. माणसं छपरावर. मूव्ह नाऊ. ओव्हर."

"रॉजर. मूव्हिंग. आउट."

पहिला दिवस सगळा पिनांचा गेला. पाण्याखाली काय होतं ते दिसत नव्हतं. कुंपणाचे खांब, तारा, जाळी बांधायचे खुंट, कुणाची तरी बैलगाडी. आम्ही डांबरी रस्त्याच्या भरावावरून निघायचो, पाड्यातून माणसं उचलायचो आणि परत भरावावर सोडायचो. दर फेरीला पंखा कशाला तरी लागायचा आणि पिन जायची. पिन गेली की इस्माईल छातीभर पाण्यात उतरायचा. त्या पाण्यात गोठ्यांची घाण होती, संडासांची होती, मेलेली कोंबडी होती. मशीन वर उचलून धरायला गायकवाड, आणि खाली हाताने चाचपत इस्माईल. पंख्याच्या आणि पत्र्यांच्या धारांनी त्याचे हात कापले. दुपारपर्यंत पिनांचा डबा रिकामा झाला.

इस्माईल रस्त्यावरच्या एका गॅरेजात गेला आणि वेल्डिंगची पितळी सळी घेऊन आला. हॅकसॉने तिचे तुकडे केले, कानसीने घासले आणि शाफ्टच्या भोकात घालून बघितले. त्या तुकड्यांवर आम्ही संध्याकाळपर्यंत बोटी चालवल्या. बोट टूचा ऑपरेटर हवालदार म्हणाला, "साब, हा माणूस नसता तर आपण आज भरावावर बसून पाऊस बघत असतो." खरं होतं ते.

संध्याकाळी इस्माईलला ताप भरला. हात सुजले होते. नर्सिंग असिस्टंटने पट्ट्या बांधल्या, गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "साब, ह्याला उद्या पाण्यात उतरवू नका." त्याच्या जागी दुसरा मेकॅनिक मागितला होता. मिळाला नव्हता, रस्ते बंद होते. पाड्यात अजून माणसं होती. मी इस्माईलला म्हटलं, उद्या तू टिलरवर बस, बोट चालव, पिन गायकवाड बदलेल. तो म्हणाला, "त्याला पान्याखाली हाताला काय लागतंय ते कलत नाय, साब. नट पाडंल." आणि झोपला.

गायकवाडने हे ऐकलं होतं. त्याला एवढंच कळलं की पिन तुटली की उस्ताद उद्याही पाण्यात उतरणार. मी सांगितलं तरी उतरणार, कुणाचं ऐकणार नाही.

सकाळी इस्माईल चहा आणि गोळ्या घेत बसला होता तेव्हा गायकवाडने मशीन तयार केलं. वर्गाच्या भिंतीत नकाशा टांगायला स्टीलचा खिळा ठोकलेला होता, काँक्रीटमध्ये ठोकतात तसला कडक. तो त्याने उपटला. हॅकसॉने कापला. कापताना ब्लेडचे दात गेले, तरी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. पिनेच्या जागी खिळा बसवला, पंखा चढवला, नट घट्ट केला. हे सगळं त्यानेच मला नंतर सांगितलं. त्याला आळस नव्हता, त्याला घाई नव्हती. त्याला फक्त उस्तादाला पाण्यात उतरू द्यायचं नव्हतं. आणि कायद्याप्रमाणे तो स्वतः त्याच बोटीत पुढं बसला.

त्या सकाळी बोट वनची एकही पिन गेली नाही. फेरीमागून फेरी झाली. बोट टू दोनदा थांबली, वन थांबली नाही. भरावावरची गावकरी मंडळी म्हणायला लागली, पहिली बोट लकी आहे. मी सेट घेऊन भरावावर उभा होतो आणि मलाही बरं वाटलं, कशाला खोटं सांगू. इस्माईल एकदा म्हणाला, "आज खुंट कुठं गेलं सगलं?" गायकवाड हसला. इस्माईलचे डोळे तापाने लाल होते. धडधाकट असता तर त्याने पंखा उघडून बघितलाच असता.

भरती कधीच उतरायला लागली होती. आत शिरलेलं पाणी आता खांडीतून बाहेर ओढलं जात होतं, आणि ओढ वाढत होती. पाड्यात शेवटचं एक घर राहिलं होतं. म्हातारी, तिचा मुलगा, सून, कडेवरचं पोर आणि शेजारचे दोघं. म्हातारी बोटीत बसेना.

"बकरीला सोरून मी येनार नाय."

इस्माईल म्हणाला, "आये, बकरीला पन घे. पन बस एकदाची, माजे आये."

मग सेटवर गायकवाडचा आवाज आला. कंट्रोल म्हणजे मी. "कंट्रोल, बोट वन. लास्ट लोड. सोबत एक बकरी. ओव्हर."

"बोट वन, बकरी अप्रूव्ह्ड. खांडीपासून लांब राहा. ओढ वाढलीय. ओव्हर."

"रॉजर. आउट."

हसू आलं मला. त्या दिवसातलं ते शेवटचं.

पाड्यातून भरावाकडे यायची वाट खांडीच्या वरच्या अंगाने होती. मध्ये अंतर होतं, मशीन चालू असेल तर काही धोका नव्हता. बोट अर्ध्या वाटेवर असताना मला मोठा धातूचा आवाज ऐकू आला, आणि मग इंजिन ओरडायला लागलं. मला वाटलं पिन गेली. पिन गेली असती तर फार काही नव्हतं, इस्माईलने दोन मिनिटांत बदलली असती. पण बोटीत इस्माईलने इंजिन बंद केलं, परत चालू केलं, गिअर टाकला, आणि आतून दळल्यासारखी खरखर आली. खुंट लागला होता आणि खिळा तुटला नव्हता. तुटले होते ते आतले गिअर.

"कंट्रोल, बोट वन. नो ड्राइव्ह. गिअर गेलाय. ओव्हर."

"बोट वन, लंगर टाका. बोट टू येतेय. ओव्हर."

त्यांनी लंगर टाकला. खाली नुसता चिखल होता, लंगर धरेना. बोट खांडीकडे सरकायला लागली. दोघांनी वल्ही मारली, म्हातारीचा मुलगाही मारत होता. भरलेली बोट आणि ती ओढ, वल्ह्यांचं काय चालणार? बोट टू रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला होती. तिला मी निघायला सांगितलं, ती निघालीही, पण ती वेळेत पोचणार नाही हे मला भरावावरून दिसत होतं. खांडीतून पाणी खाली खाडीत पडत होतं. त्यातून भरलेली बोट गेली असती तर उलटलीच असती. त्या पोराला कुणी वाचवू शकलं नसतं.

खांडीच्या तोंडाशी उघाडीचा एक जाड खांब अजून उभा होता. इस्माईलने दोराचं टोक हातात घेतलं. पुढचं गायकवाडने मला शब्द न शब्द सांगितलंय.

गायकवाड म्हणाला, "उस्ताद, मी जातो."

"गप. तुला पोहता येत नाय."

"येतं, उस्ताद. टेस्ट पास आहे."

"तलावात येतं," इस्माईल म्हणाला. "दोर पक्का धर. खांबाला बांधला की मी हात वर करीन. मंग आवळ."

त्याने उडी मारली. लाइफ जॅकेट अंगात होतं. तो पोहत गेला नाही, ओढीनेच त्याला नेलं, त्याने फक्त नेम धरला. खांबाला त्याने मिठी मारली. सुजलेल्या हातांनी दोर दोनदा फिरवला, गाठ मारली आणि हात वर केला. मी दुर्बिणीतून बघत होतो. गायकवाडने दोर आवळला. बोट गचका खाऊन थांबली. खांडीच्या अगदी वरच थांबली.

इस्माईल खांबाला धरून उभा होता. बोट टू आता जवळ आली होती. मी सेटवर म्हणालो, आधी माणसं घ्या, मग इस्माईल. हे बरोबरच होतं, इस्माईलनेही तेच सांगितलं असतं. बोट टूने पोर घेतलं, सून घेतली, म्हातारी घेतली, सगळ्यांना घेतलं. तेवढ्यात खांबाच्या बुडाची माती सुटली. खांब पडला नाही, कलला. इस्माईल घसरला आणि ओढीने त्याला उघाडीच्या मोडलेल्या फळ्यांमध्ये दाबलं. फळ्यांमधून पाणी जात होतं, माणूस जात नव्हता. लाइफ जॅकेट अशा ठिकाणी काही कामाचं नसतं. गायकवाड दोराला धरून पाण्यात उतरला. हवालदाराने त्याला मागून पकडला नसता तर दोघं गेले असते. तो हवालदाराच्या हाताला चावला. ती खूण हवालदाराच्या हातावर अजून आहे.

पाणी उतरल्यावर आम्ही इस्माईलला काढला.

गायकवाड भरावावर माझ्यासमोर येऊन उभा राहिला. ओला, चिखलाने भरलेला. सावधान झाला. "साब, मशीन मी बांधलं होतं. पिनेच्या जागी मी खिळा घातला होता."

मी म्हटलं, "का?"

"उस्तादला ताप होता, साब."

 मला त्याच्या थोबाडीत मारायची होती आणि त्याला जवळही घ्यायचं होतं. दोन्हींतलं काही जमलं नाही. गिअरकेस उघडली तेव्हा आत दातांचा चुरा होता आणि खिळा जसाच्या तसा सरळ होता. चौकशी झाली. गायकवाडने तिथंही हेच सांगितलं, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. शिक्षा झाली ती त्याने घेतली. वाढवून मिळाली असती तर तीही घेतली असती.

मोऱ्याला दफन झालं. सलामी दिली. बंदरावरच्या सगळ्या होड्या त्या दिवशी उभ्या होत्या. इस्माईलच्या बापाला आम्ही हसन चाचा म्हणायला लागलो ते नंतर. त्या दिवशी आम्ही त्यांच्याशी फक्त हात मिळवला.

लोक मला विचारतात, "मग त्याला शहीद म्हणायचं का? म्हणजे शत्रू कोणी नव्हता ना." आधी मी चिडायचो. आता म्हणतो, तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा. त्या बोटीतलं पोर आता शाळेत जातं. त्याला जाऊन विचारा.

चाळीस दिवस झाल्यावर गायकवाड माझ्याकडे आला. म्हणाला, "साब, त्यांच्या घरी जायचंय. खिळ्याचं त्यांना माहीत नाही. माझ्या तोंडून कळायला हवं." मी म्हटलं, कशाला? त्यांचा मुलगा परत येणार आहे का? म्हणाला, "मला झोप लागत नाही, साब." मी त्याच्याबरोबर गेलो.

हसन चाचा बंदराजवळ होडीच्या सावलीत जाळं शिवत बसले होते. होडी वर ओढून ठेवलेली. आम्ही त्यांच्यासमोर वाळूवर बसलो. चहा आला. गायकवाडने तो हातात धरून ठेवला, प्यायला नाही. मग त्याने सांगितलं. भिंतीतला खिळा, हॅकसॉ, ताप, सगळं. खाली मान घालून सांगितलं. मी चाचांच्या हातांकडे बघत होतो. जाळं शिवायची सुई थांबली होती.

मला वाटलं, आता हा म्हातारा उठेल आणि ह्याला हाकलून देईल. त्याचा तो हक्क होता.

ते उठले. होडीच्या मागं गेले. "हिकडं ये," गायकवाडला म्हणाले. त्यांनी मशीन वर उचललं आणि पंख्याकडे बोट केलं.

"आमच्या होडीला पन खिलाच हाय."

गायकवाडने वाकून बघितलं.

"दर सुटीला भांडायचा माज्यासंगट," चाचा म्हणाले. "अब्बा, खिला काढ, पितलंची पिन घाल. मी म्हनायचो, चालतंय ना रं. दोन दिस पिन घालायची, तुटली का परत खिला. तो गेला का परत खिला. चालीस वर्सं खिल्यावर चालवली मी होडी. मला काय झाला नाय." त्यांनी पंख्यावर हात ठेवला. "मला काय झाला नाय."

त्यांनी पेटीतून पक्कड काढली आणि गायकवाडच्या हातात दिली. "काढ."

गायकवाडने पंखा उतरवला. नट त्याच्या हातून निसटून वाळूत पडला. मी शोधून दिला. खिळा गंजून बसला होता, ठोकून काढावा लागला. चाचांकडे पिन नव्हती, आमच्याकडेही नव्हती. भोक रिकामंच राहिलं. भरती येत होती, बाकीच्या होड्या निघाल्या. चाचांची होडी त्या दिवशी निघाली नाही.

आम्ही तिघं तिथंच बसलो. चाचांनी खिळा बोटांत धरला होता.

"इस्माईल हितं असता ना," ते म्हणाले, "तर आपल्या दोगांना पन शिव्या घातल्या असत्या."

गायकवाड म्हणाला, "लई घाण शिव्या द्यायचे उस्ताद."

"घरात पन दियाचा," चाचा म्हणाले. त्याच्या आईसमोर एकदा कसली शिवी दिली होती ती त्यांनी आम्हाला सांगितली, आणि हसले. गायकवाडही हसला, मीही हसलो. मग म्हातारा रडायला लागला आणि गायकवाडने त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं.